नव्या शहराचा जुना साबण

चि. मीरा आणि चि. ओम,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मीराने मला विचारलं, "आजी, नाब्लुस हे नाव मुळात ग्रीक आहे, हे तुला माहीत होतं?" शाळेत प्राचीन शहरांची जुनी नावं शोधून आणायला सांगितली होती म्हणे. उत्तर तिच्याकडे आधीच होतं, कॉम्प्युटरने दिलेलं, तीन ओळींचं. मूळ गाव शखेम, बायबलमधलं. त्याच्या शेजारी रोमनांनी नवं शहर वसवलं आणि ग्रीक भाषेत त्याला नेआपोलिस, म्हणजे नवं शहर, असं नाव दिलं. पुढे अरबी जिभेवर त्याचं नाब्लुस झालं. तिन्ही ओळी बरोबर आहेत, मी तपासून पाहिल्या. तुमची आजी रियाधमधल्या एका भारतीय शाळेत अठरा वर्षं ग्रंथपाल होती, तपासल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

पण त्या तीन ओळींत एकही माणूस नाही. त्या गावचं एकच माणूस मी जवळून पाहिलं आणि त्याच माणसाच्या बाबतीत असा घोळ घातला की अजून आठवलं तर भाजी चिरताना सुरी थांबते. उम्म यासिर गेली त्याला आता वर्ष होत आलं. तुमच्या आईला यातली अर्धी गोष्ट माहीत आहे, आजोबांना त्यांच्या सोयीची तेवढीच. पूर्ण फक्त मला ठाऊक आहे आणि मी हल्ली चष्मा डोक्यावर असताना चष्मा शोधते. म्हणून आताच लिहून ठेवते. मराठीत लिहिते, कारण दर शनिवारी तुम्हाला मराठीच्या वर्गाला नेतात त्याचा काही उपयोग व्हायला हवा. अडलं तर आईला विचारा, कॉम्प्युटरला नको.

उम्म यासिर म्हणजे यासिरची आई. तिचं स्वतःचं नाव समीहा होतं, पण इथे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात. मला ती 'उम्म अनघा' म्हणायची, म्हणजे तुमच्या आईची आई. आमच्या इमारतीत ती वरच्या मजल्यावर मुलगा आणि सून हनान यांच्याबरोबर राहायची. रियाधच्या मुलींच्या शाळांत तिने आयुष्यभर भूगोल शिकवला होता. उंचीने माझ्या खांद्याइतकी, चष्मा जाड, आणि हातात चमचा असो की चावी, ती नकाशावरच्या काठीसारखी धरायची.

आमची पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. तिच्या हातात खुबुसची, म्हणजे इथल्या रोट्यांची, गरम पिशवी होती. तिने माझं नाव विचारलं नाही, नवरा कुठे काम करतो ते विचारलं नाही. इंग्रजीत म्हणाली, "तुमच्या गावाला नदी आहे का?"

मी म्हटलं, "आहे. गोदावरी."

"कुठे वाहते?"

मी नाशिकची. जन्मापासून लग्नापर्यंत गोदाकाठी वाढलेली. इंग्रजी माध्यमात शिकलेली. ठामपणे म्हटलं, "पश्चिमेला."

दुसऱ्या दिवशी जिन्यात तिने मला थांबवलं. "उम्म अनघा, मी नकाशा पाहिला. तुमची नदी पूर्वेला वाहते. इतकी वर्षं तिच्याकडे पाठ करून बसला होतात का?"

माणसाची ओळख करून घ्यायची तिची ती पद्धतच होती. दूधवाल्या बांगलादेशी पोराच्या बापापासून आजोबांच्या साहेबापर्यंत सगळ्यांना ती आधी गावाची नदी विचारायची, मग डोंगर, आणि नाव सगळ्यात शेवटी. "नाव माणसं देतात आणि बदलतात," ती म्हणायची. "डोंगर आणि नदी हलत नाहीत. वर्गात मी मुलींना सांगायचे, आधी डोंगर बघा, मग पाणी बघा, नाव शेवटी वाचा."

मी मात्र नाव आधी वाचणारी बाई. आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे हे तुम्ही पाहिलंय आणि हसलाही आहात. उम्म यासिर पहिल्यांदा आली तेव्हा एकेक डबा वाचत फिरली. मी तिला अर्थ सांगत होते. "इथे 'मीठ' लिहिलंय? आणि उघडल्यावर ते दिसत नाही?"

"दिसतं. पण उघडावं लागू नये म्हणून लिहिलंय."

"अच्छा," ती म्हणाली. हा एक हिंदी शब्द तिला येत होता आणि तो ती अगदी वेळेवर वापरायची.

एकदा तिने आम्हा दोघांना चहाला बोलावलं. चहात त्यांच्याकडची औषधी पानं घातलेली होती आणि सोबत कुनाफा, म्हणजे शेवयांखाली चीज आणि वरून साखरेचा पाक, गरमागरम. मी विचारलं, तुमचं गाव कोणतं. ती म्हणाली, नाब्लुस.

आता यात माझा दोष थोडा आणि नाशिकच्या मिशन शाळेचा जास्त. तिथे बायबलच्या तासाला माझा पहिला नंबर होता आणि बक्षीस म्हणून मला एक पेन्सिलपेटी मिळाली होती. पन्नास वर्षं त्या ज्ञानाला कोणी गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. मी कुनाफाची बशी बाजूला ठेवली आणि सुरू झाले. नाब्लुस म्हणजे प्राचीन शखेम. अब्राहाम कनान देशात आला तो आधी तिथे थांबला. याकोबाने तिथे जमीन विकत घेतली. त्याची विहीर. एका बाजूला आशीर्वादाचा डोंगर, दुसऱ्या बाजूला शापाचा. मी दहा मिनिटं बोलले. ज्या बाईचा त्या गावात जन्म झाला तिला मी तिचं गाव समजावून सांगत होते. शेवटी म्हटलं, "अर्थात, ते गाव आता अस्तित्वात नाही."

उम्म यासिरने चमचा उचलला. "मग मी कुठे जन्मले?"

आजोबा खिडकीबाहेर बघू लागले. अशा वेळी ते नेहमी खिडकीबाहेर बघतात.

"शखेम आहे," ती म्हणाली. "गावाच्या पूर्व टोकाला एक टेकाड आहे, ते शखेम. आम्ही तिथे शेळ्यांच्या मागे पळायचो. रोमनांनी शेजारी नवं बांधलं आणि नाव ठेवलं नवं शहर. आता प्रश्न सांगते. राज्य रोमनांचं, भाषा त्यांची लॅटिन. मग नाव ग्रीक का?"

मला येत नव्हतं. मी पेन्सिलपेटीवाली.

"कारण आमच्याकडच्या शिकलेल्या लोकांची भाषा ग्रीक होती. राज्य कोणाचंही असो, पाटी ग्रीकमध्ये. आता तुम्ही आणि मी इंग्रजीत बोलतो आहोत तसं." मग ती हसली. "अरबीत 'प' नाही, त्यामुळे थोडं झिजलं. इटलीतल्या नेपल्सचं आणि आमचं नाव एकच आहे. त्यांनी पिझ्झा केला, आम्ही कुनाफा. पण नेपल्सला मला व्हिसा मिळू शकतो, माझ्या स्वतःच्या गावाला नाही."

आणि तिने आमच्या बश्या पुन्हा भरल्या.

"माझी बहीण अम्मानला असते," ती म्हणाली. "त्या गावालाही ग्रीकांनी नवं नाव दिलं होतं, फिलाडेल्फिया. अम्मानने ते टाकून दिलं आणि जुनं परत घेतलं. आम्ही दिलेलं ठेवलं. दोन हजार वर्षं झाली, भिंती पडल्या, भूकंप झाले, आणि पाटी म्हणते नवं शहर. एकाने का टाकलं, दुसऱ्याने का ठेवलं, हा प्रश्न मी कधी परीक्षेत घातला नाही. उत्तर मलाच येत नाही. तुमच्या गावाला दुसरं नाव कोणी दिलं होतं का?"

"नाशिकला? छे, दुसरं नाव कधीच नव्हतं."

"गुलशनाबाद," आजोबा खिडकीकडे बघतच म्हणाले. "मोगलांच्या काळात."

नदीनंतर हा दुसरा. त्या घरून उतरताना मी आजोबांशी दोन मजले बोलले नाही. आमच्या मध्ये एकच मजला होता, म्हणून खाली जाऊन परत वर आले.

आता घोळाकडे येते.

तो सप्टेंबर होता. उम्म यासिर डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दोन महिने बहिणीकडे अम्मानला निघाली होती. तेवढ्या काळात त्यांच्या घराला रंग काढायचं ठरलं होतं. निघायच्या दिवशी ती आमच्या दारात आली, हातात जुन्या सुती कापडात गुंडाळलेली मुठीएवढी पुडी. "उम्म अनघा, हे अमाना आहे. तुमच्याकडे राहू दे. हनान चांगली मुलगी आहे, पण तिला जुनं काही दिसलं की ते कचऱ्याच्या पिशवीत जातं. तुमच्या घरात वस्तू हरवत नाही हे मी पाहिलंय."

अमाना म्हणजे आपली अमानत, विश्वासाने ठेवलेली वस्तू. ती आणखीही काही सांगत होती. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, आणि खरं सांगायचं तर माझं लक्ष नव्हतं. ही वस्तू कोणत्या विभागात जाईल, हा विचार मी करत होते.

ती गेल्यावर मी पुडी उघडली. आत साबणाची वडी. पांढरट, चौकोनी, वाळून दगडासारखी झालेली, वर अरबी शिक्का. मग तुमच्या आजीने अठरा वर्षांच्या अनुभवाला स्मरून सगळं नियमाप्रमाणे केलं. माझ्या नोंदवहीत लिहिलं: 'उ. या., वस्तू एक, ठेव.' पुडीवर चिठ्ठी लावली: 'साबण, खास.' आणि ती बाथरूमच्या कपाटात वरच्या कप्प्यात, साबणांच्या रांगेत ठेवली. ग्रंथालयात पुस्तक विषयाप्रमाणे लागतं, दिलेल्या माणसाच्या नावाप्रमाणे नाही. वहीत कोणाची ते होतं, काय ते नव्हतं. पुडीवर काय ते होतं, कोणाची ते नव्हतं. दोन्ही नोंदी अचूक होत्या.

ऑक्टोबरच्या शेवटी दिवाळी आली. तुम्हाला आठवत असेल, नरक चतुर्दशीला सूर्य उगवायच्या आत तेल-उटणं लावून अंघोळ करायची असते आणि त्या दिवशी साबणही नेहमीचा चालत नाही. आमच्याकडे दर वर्षी भारतातून कोणाच्या तरी बॅगेत तो गोल, चंदनाच्या वासाचा साबण यायचा. त्या वर्षी ज्यांच्या बॅगेत येणार होता त्यांची बॅग जड झाली आणि त्यांनी आमची चकली ठेवून साबण काढला.

पहाटे आजोबा तेल माखून बाथरूमच्या दारात उभे. "अगं, साबण?"

मी करंज्यांच्या डब्याशी होते. "वरच्या कप्प्यात बघा. सगळ्यावर चिठ्ठ्या आहेत."

"एकावर 'खास' लिहिलंय."

"मग तोच असेल."

हे वाक्य मी म्हटलं. आजोबा म्हणतात की मी म्हटलं, आणि हल्ली मीही मान्य करते.

मी नंतर अंघोळीला गेले आणि तीच वडी वापरली. कापड आजोबांनी उलगडून खिडकीत टाकलेलं, चिठ्ठी त्याला चिकटलेली. वडी ओली झाल्यावर मऊ, तुळतुळीत लागत होती, शिक्का अर्धा गेलेला. ज्या बाईने त्या शिक्क्याची वडी सहा आठवड्यांपूर्वी स्वतःच्या हाताने गुंडाळली होती, तिने ती अंगाला चोळली आणि फराळाच्या ताटांचा विचार केला. वर नाश्त्याला मी आजोबांना म्हटलं, "या साबणाला फेस नाही, वासही नाही. कुठून आणलात?"

"मी? तुझाच तो."

दिवाळीचे चारही दिवस आम्ही तो वापरला.

नोव्हेंबरच्या मध्याला उम्म यासिरचा फोन आला. डोळा उत्तम झाला होता. "परवा येते. माझी अमाना ठीक आहे ना?"

"हो, हो, अगदी," मी म्हटलं, आणि फोन ठेवून वही उघडली. उ. या., वस्तू एक, ठेव. मग मला कापड आठवलं. मग शिक्का आठवला.

बाथरूममध्ये साबणदाणीत निम्मी वडी होती. शिक्क्याच्या जागी नुसता खोलगट डाग. आजोबा दारात येऊन उभे राहिले. मी त्यांना सांगितलं.

"पण चिठ्ठीवर 'खास' होतं," ते म्हणाले. "दिवाळीला नाही वापरायचा तर काय ईदला?"

"तुम्हाला शिक्का दिसला नाही?"

"चष्मा काढून अंघोळ करतो मी. तू घालून करतेस?"

मी त्यांना गाडी काढायला लावली. रियाधच्या बत्हा भागात, जुन्या बाजारात नाब्लुसचा साबण मिळतो असं कळलं होतं. मी ओली वडी प्लास्टिकच्या डबीत घालून, पुराव्यासारखी हातात धरून, दुकानं फिरले. तिसऱ्या दुकानात तसाच पांढरा, चौकोनी साबण मिळाला, शिक्काही साधारण तसाच. मी सहा वड्या घेतल्या. मनात एक बेत होता आणि तो मी तुमच्यापासून लपवणार नाही. त्यातली एक थोडी जुनाट करून, त्याच कापडात गुंडाळून द्यायची. चहाच्या पाण्यात बुडवली तर रंग येईल असं मी गाडीत मोठ्याने म्हणालेही.

आजोबांनी सिग्नलला माझ्याकडे बघितलं. "मिशन शाळेत हेच शिकवलं का?"

मी सहाही वड्या परत पिशवीत घातल्या.

उम्म यासिर आली त्याच संध्याकाळी मी वर गेले. हनान बाहेर गेली होती. मी टेबलावर एका बाजूला सहा नव्या वड्या ठेवल्या, दुसऱ्या बाजूला कापड आणि त्यावर उरलेली निम्मी. आणि सगळं सांगितलं, चहाच्या पाण्यासकट.

तिने निम्मी वडी हातात घेतली. नव्या डोळ्याने जवळून पाहिली. मग विचारलं, "कोणी वापरली?"

"आम्ही दोघांनी. आमच्या सणाची अंघोळ होती."

"सणाची अंघोळ कशी असते?"

मी सांगितलं. तेल, उटणं, सूर्योदयाच्या आधी. त्या दिवशी उशिरा अंघोळ करणारा नरकात जातो असं म्हणतात, हेही सांगितलं.

"अच्छा," ती म्हणाली. "म्हणजे माझ्या वडिलांनी तुम्हा दोघांना नरकातून वाचवलं."

मला कळेना, यात वडील कुठून आले. मग तिने सांगितलं, चमचा नाही, चावी नाही, हात मांडीवर ठेवून. तिचे वडील साबणाच्या कारखान्यात शिक्के मारायचे. ऑलिव्हच्या तेलाचा साबण शिजवून वरच्या मजल्यावरच्या फरशीवर ओतायचे, तो अंगणासारखा पसरायचा. गोठत आला की वडील त्याच्यावर उकिडवे बसून मागे मागे सरकत, दोन्ही हातांत दोन हातोड्या घेऊन, प्रत्येक चौकोनावर शिक्का मारत जायचे. मग वड्या कापून, माणसाहून उंच गोल मनोरे रचून महिनोन्महिने वाळवायच्या. तो कारखाना कधीच बंद पडला. ती लग्न होऊन नदीपलीकडे, अम्मानच्या बाजूला आली तेव्हा आईने ट्रंकेत वड्या घातल्या होत्या. या देशातून त्या देशात जाता जाता सगळ्या संपल्या. ही एक तिने ठेवली होती.

"आठवण म्हणून," मी म्हटलं.

"नाही. आठवणीला साबण कशाला? कामासाठी ठेवली होती." ती सरळ माझ्याकडे बघत होती. "आमच्यात माणूस गेलं की त्याला अंघोळ घालतात. बायकांना बायका घालतात. मला परत तिथे नेऊन पुरणार नाहीत, ते मला माहीत आहे. रियाधमध्ये पुरतील. निदान ती अंघोळ माझ्या वडिलांच्या हातच्या साबणाने व्हावी, एवढं मनात होतं. दारात तुम्हाला सांगत होते. तुम्ही मान हलवत होतात."

मी साठ वर्षांची, पदवीधर, नोंदवही ठेवणारी बाई. तिच्या शेवटच्या अंघोळीचा साबण मी पहिल्या अंघोळीला वापरून मोकळी झाले होते, आणि वर त्याला फेस नाही म्हणाले होते.

उम्म यासिरने वडी तळहातावर जोखली. "निम्मी आहे ना? मी लहानखुरी आहे. माझा भाऊ असता तर पंचाईत होती." मग कापडावरची माझी चिठ्ठी तिने बोटाने दाबली. "इथे काय लिहिलंय?"

"साबण, खास."

"बरोबर आहे की," ती म्हणाली. "नवं शहरसुद्धा बरोबरच होतं, ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी."

मी वडी तिच्याकडे सरकवली. तिने परत माझ्याकडे सरकवली. "तुमच्याकडेच ठेवा. तुम्ही एकदा चुकलात, आता पुन्हा चुकणार नाही. अजून न चुकलेल्या माणसाला कुठे शोधू? पण चिठ्ठी मी सांगते तशी लिहा. आधी डोंगर, मग पाणी, नाव शेवटी."

म्हणून चिठ्ठी तिने सांगितली आणि मी लिहिली, इंग्रजीत, आणि खाली तिने अरबीत. पहिल्या ओळीत, कशासाठी: समीहाची शेवटची अंघोळ. दुसऱ्या ओळीत, कोणाला द्यायचं: हनानच्या हातात. तिसऱ्या ओळीत, नाब्लुस, आणि शेवटी, साबण. ती पुडी मी साबणांच्या रांगेत ठेवली नाही. लोखंडी कपाटात, पासपोर्टांच्या शेजारी ठेवली. त्या सहा वड्यांतली एक तिने ठेवून घेतली आणि म्हणाली, "बाकीच्या तुमच्या दिवाळीला." यासिरला किंवा हनानला यातलं काही सांगायचं नाही, असंही बजावलं. "मुलांना आईचं मरण आधीपासून ठरवलेलं आवडत नाही."

त्यानंतर ती चार वर्षं होती. दर दिवाळीच्या सकाळी जिन्यात थांबून विचारायची, "अंघोळ वेळेवर झाली?" मी हो म्हणायचे. "कोणत्या साबणाने?"

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी यासिरचा आजोबांना फोन आला. ती हॉस्पिटलमध्ये दोन दिवस होती, साध्या तापासाठी म्हणून गेली होती. इथे गेलेल्या माणसाला थांबवून ठेवत नाहीत. दुपारच्या नमाजानंतर दफन, त्याआधी अंघोळ, आणि यासिर-हनान हॉस्पिटलमधूनच परस्पर मशिदीशेजारच्या, अंघोळ घालतात त्या जागी जाणार होते. मी लोखंडी कपाट उघडलं. पुडी जिथे हवी तिथे होती. तरी मी चिठ्ठी तीनदा वाचली आणि कापड उलगडून आत वडीच आहे ना ते पाहिलं.

आजोबांना इतकी जोरात गाडी मी कधी चालवू दिली नव्हती. वाटेत वाहनं तुंबली होती. मी पुडी दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि घड्याळ बघत होते. आजोबा एकदाच म्हणाले, "पोहोचतो."

बायकांच्या दाराशी हनान उभी होती, डोळे सुजलेले, आत जायच्या बेतात. मी पुडी तिच्या हातात दिली. माझं अरबी भाजी आणि टॅक्सीपुरतं आहे. मी नुसतं चिठ्ठीवर बोट ठेवलं. तिने सासूचं अक्षर ओळखलं. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, त्यात स्वतःचं नाव वाचलं. मग पुडी छातीशी धरली आणि आत गेली.

मी आत जाणार नव्हते. ती जागा माझी नव्हती. आम्ही दोघं गाडीत बसून राहिलो. आजोबांनी इंजिन बंद केलं, तरी हात स्टिअरिंगवरच होते.

बऱ्याच वेळाने हनान बाहेर आली. बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. तिने खिडकीतून ते कापड माझ्या मांडीवर ठेवलं, आत काही तरी होतं. "पुरलं," ती म्हणाली. "थोडं उरलं. तुमच्याकडेच राहू दे, खाला." खाला म्हणजे मावशी. "माझ्याकडे राहिलं तर एक दिवस मी टाकून देईन. मला माझा स्वभाव माहीत आहे."

यासिर आणि हनान आता अम्मानला गेले आहेत. वरच्या घरात एक लखनौचं कुटुंब आलं आहे. त्यांच्या बाईला मी लिफ्टमध्ये विचारलं, तुमच्या गावाला नदी आहे का, आणि कुठे वाहते तेही विचारलं. तिला सांगता आलं नाही. मला बरं वाटलं.

मीरा, तुझ्या तीन ओळी तशाच राहू दे, त्यात चूक नाही. चौथी हवी असेल तर ही घाल. काडेपेटीएवढा एक तुकडा शिल्लक आहे. त्यावर काही वाचता येत नाही, वास फारसा नाही, तो पहिल्यापासून नव्हता. लोखंडी कपाट, डावं दार, मधला कप्पा. चिठ्ठी लावलेली आहे.